सोळा पानांचा तारा

९ नोव्हेंबर

टाचणीस,

तुझं पाकीट काल दुपारी मिळालं. फाडलं, उलटं केलं, झटकलं, खिडकीपाशी नेऊन आत डोकावलो. पत्रक तेवढं निघालं. चिठ्ठी नव्हती. पत्त्यावरचं अक्षर तुझं आहे, म्हणजे हात शाबूत आहे एवढं कळलं. तसं तुझ्या आईला म्हणालो, तर ती म्हणाली, "अकरा महिन्यांनी पोरीने काहीतरी पाठवलं. आता त्यातही खोट काढा."

खोट काढणं हा माझा धंदा आहे, तेव्हा आधी तीच काढतो. पत्रक आठ पानी. पिना तिरक्या मारल्या आहेत. पाचव्या पानाचा समास कापताना गेला आहे, ओळींची शेवटची अक्षरं अर्धी उडाली आहेत. देवाच्या नावाने काढायचं तर निदान काटकोनात कापावं.

आता मजकूर. मथळा: 'नाताळ: सूर्यपूजकांचा सण'. तुमच्या मंडळीचं म्हणणं असं, की पंचवीस डिसेंबर हा मुळात रोमच्या सूर्यदेवाचा वाढदिवस. चर्चने तो ढापला. म्हणून जो कोणी त्या दिवशी तारा लावतो, झाड सजवतो, टेबल मांडतो, तो नकळत सूर्यापुढे वाकतो. सबब खऱ्या विश्वासणाऱ्याने त्या दिवशी डबा घेऊन कामावर जावं.

मला हे नवीन आहे असं समजू नकोस. मी सहावीत शाळा सोडली, पण ग्रंथालयाच्या बांधणी खात्यात माझी तीस वर्षं झाली. जुनं पुस्तक उसवलं, की पुन्हा शिवण्याआधी त्याचे सुटे फर्मे दोन-तीन दिवस माझ्या ताब्यात असतात. फर्मा म्हणजे एका मोठ्या तावाची घडी घालून झालेली सोळा पानं. एकेक फर्मा घरी आणून जेवता जेवता वाचायचा, सकाळी परत न्यायचा. लोक पुस्तकं वाचतात, मी सोळा-सोळा पानांनी ग्रंथालय वाचलं. तेव्हा रोमचा सूर्य मला कोणी दाखवायला नको.

असेल सूर्याचा. मग? आपल्या घरात आपल्याआधी एक शिंपी राहायचा. म्हणून आपण रोज शिंप्याकडे जेवतो का?

गेल्या वर्षी जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही जेवण अर्धं टाकून उठलात आणि निघून गेलात. तारा यंदाही लागणार. त्याच खिडकीत, रस्त्यावरून दिसेल असा.

आणि माझी नात? मुंगी आता वाक्यं बोलते का?

पप्पा

ता.क. आई म्हणते, थंडीचं लिहा, तब्येतीचं लिहा. थंडी आहे. तब्येत आहे.


२२ नोव्हेंबर

टाचणीस,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हतो. पत्र लिहायला मात्र ठोस कारण मिळालं आहे.

चोरी झाली आहे!

तुमच्या पत्रकाचं तिसरं पान काढ. त्यात वाक्य आहे: 'शेजाऱ्याच्या दोरीवरचा सदरा काढावा, धुवावा आणि घरचा म्हणून वाळत घालावा, तसा त्यांनी हा दिवस घेतला.' हे वाक्य माझं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी आपल्या चर्चच्या वार्षिक अंकात मी लेख दिला होता, त्यातलं. पाळकांनी तो न वाचताच छापायला पाठवला आणि मग पंधरवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला त्या पंधरवड्याचा केवढा अभिमान वाटला होता! बांधणी खात्यातला सहावी पास माणूस, आणि पाळकांवर भारी पडला.

नुसत्या शैलीवरून म्हणत नाही, पुरावा देतो. त्याच पानावर लिहिलं आहे, की शनिदेवाचा तो रोमन उत्सव पंचवीस डिसेंबरला संपायचा. साफ चूक. तो सतराला सुरू व्हायचा आणि ताणून ताणून तेवीसपर्यंत जायचा. ही चूक कोणत्याही पुस्तकात नाही. ती माझी आहे, घाईत झालेली. अंक छापून आल्यावर मला दिसली आणि मी कोणालाही सांगितली नाही. दुसऱ्याची चूक कोणी इतक्या इमानाने उतरवून घेत नाही, चोर सोडून.

मी चिडून तुझ्या आईला दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. म्हटलं, या वडीलधाऱ्यांना खरमरीत लिहितो, पुढच्या आवृत्तीत माझं नाव घाला. (जावईबापूंच्या काकांना तुम्ही सगळे 'वडीलधारे' म्हणता म्हणून मीही म्हणतो. वयाने ते माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे असतील.) आई भांडी पुसत होती. तिने दोन्ही कागद पाहिले, हात पुसले आणि म्हणाली,

"म्हणजे पोरगी तुमचंच ऐकून गेली."

मी म्हटलं, तसं नाही.

"नऊ वर्षांची होती. स्टुलावर उभं करून पाहुण्यांसमोर तिच्याकडून हाच लेख म्हणवून घेतला होतात. 'सदरा वाळत घालावा' आलं की तुम्हीच आधी हसायचात."

तुझ्या आईची स्मरणशक्ती अशी, की दुधाचा रतीब विसरेल, पण हे नाही.

सबब, तुमचं पत्रक चुकीचं आहे हे आता मला शांतपणे, पुराव्यानिशी सिद्ध करावं लागणार. ज्या पुस्तकावरून मी तो लेख लिहिला ते ग्रंथालयात आहे. सोमवारी काढतो.

पप्पा


४ डिसेंबर

टाचणीस,

पुस्तक मिळालं. वरच्या मजल्यावर, धर्म-इतिहासाच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर. तपकिरी कापडी बांधणी, मागच्या खिशात नोंदीचं कार्ड. एकोणीस वर्षांत अकरा वाचकांनी नेलं आहे.

त्यात पान शहाण्णवनंतर एकदम पान एकशे तेरा येतं.

एक अख्खा फर्मा नाही. सातवा. अकरा जणांपैकी एकानेही तक्रार केली नाही. यावरून लोक कसे वाचतात ते कळतं. बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय. असे लोक खात्यात येतात आणि खातं बदनाम करतात.

ग्रंथपाल बाईंनी दुसऱ्या ग्रंथालयातून त्याच पुस्तकाची प्रत मागवली. बुधवारी आली. ती सोळा पानं मी उभ्याउभ्या वाचली. तुला थोडक्यात सांगतो, कारण हे तुला कळायलाच हवं.

शहाण्णवाव्या पानापर्यंत लेखक सूर्याची बाजू मांडतो. रोमच्या एका सम्राटाने सूर्यदेवाचं मोठं देऊळ बांधलं, पंचवीस डिसेंबर हा त्याचा जन्मदिवस, वगैरे. मी लिहिलं ते तेवढंच. सत्त्याण्णवाव्या पानावर तो म्हणतो, आता दुसरी बाजू पाहू. सूर्याच्या त्या जन्मदिवसाचा सगळ्यात जुना लेखी पुरावा कुठला? सन ३५४ चं एक रोमन कॅलेंडर. आणि ख्रिस्ताचा जन्म त्या तारखेला असल्याची जुन्यात जुनी पक्की नोंद कुठली? त्याच संग्रहात! दोघांची कागदपत्रं एकाच बाडात. कोणी कोणाचं घेतलं, ते बाड सांगत नाही.

पुढे तो म्हणतो, जुन्या ख्रिस्ती लोकांचा एक हिशेब होता. प्रभू ज्या तारखेला मरण पावला त्याच तारखेला आईच्या पोटात आला, असं ते मानत. ती तारीख पंचवीस मार्च धरली. त्यात नऊ महिने मिळव. बोटांवर मोजून बघ कुठे येतेस. आणि चर्चने दिवस मुद्दाम उचलला, हे जे मी एवढ्या ठसक्यात लिहिलं होतं, त्याचा आधार म्हणून दाखवतात ते एका हस्तलिखिताच्या समासातलं टिपण. ते लिहिलं गेलं त्या कॅलेंडरनंतर जवळजवळ आठशे वर्षांनी. कोणी लिहिलं तेही माहीत नाही.

एकशे बाराव्या पानाच्या तळाशी लेखक म्हणतो, वाद मिटलेला नाही आणि मिटेल असं दिसत नाही. म्हणजे तुमचं पत्रक 'निश्चित' म्हणतं तेही खोटं, आणि पाळक दर वर्षी सांगतात की तारीख अगदी पहिल्यापासून ठाऊक होती, तेही खोटं. शुभवर्तमानात तारीखच नाही.

तेव्हा ज्याच्यावरून तू घर सोडलंस ते अर्धं पुस्तक आहे. उरलेलं वाच आणि मग काय रागवायचं ते रागव.

पप्पा


१३ डिसेंबर

टाचणीस,

मागच्या पत्रात बांधणाऱ्याला शिव्या घातल्या. तो बांधणारा मी.

पुस्तक हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं. तिसऱ्या भोकाशी दोऱ्याला दुहेरी गाठ मारलेली होती. ती आमच्या खात्यात मी एकटाच मारतो. चार तारखेला तुला हे लिहिता आलं असतं. नाही लिहिलं. तीस वर्षांत माझ्या हातून एक फर्मा गळला नाही, हे मी दर नवीन उमेदवाराला पहिल्या दिवशी ऐकवतो.

बाकीचंही सांगून टाकतो. तुझी आई यंदा माळ्यावरून तारा काढायला तयार नव्हती. "ज्यांना वाद घालायचाय त्यांनी काढावा," म्हणाली. मी काढला. पाच टोकांपैकी एकाचा लाल कागद फाटून लोंबत होता. नवा चिकटवावा म्हणून जुना सोलला, तर आत छापील कागद. त्यावर पानाचा आकडा: ९९.

तुला आठवत असेल. तारा एकोणीस वर्षांपूर्वीच केलेला. लाल कागद पातळ होता म्हणून आतून जाड कागदाचं अस्तर लावलं होतं. खात्यातले खराब ताव त्यासाठी मी घरी आणले होते. त्याच दिवशी जेवताना वाचायला सातवा फर्माही आणला होता. टेबलावर दोन्ही एकत्र पडले. मी कात्री घेतली, खळ घेतली, आणि ज्या तावावर पुस्तकाची दुसरी बाजू छापलेली होती तो उलगडून, टोकांच्या मापाने कापून चिकटवून टाकला. दुसऱ्या दिवशी फर्मे मोजले नाहीत. मी फर्मे कायम मोजतो. त्या दिवशी डोक्यात लेख घोळत होता, पाळकांची कशी जिरवायची तो.

आत दिवा लागला की लाल कागदातून अक्षरं दिसायची. तू खिडकीखाली उभी राहून विचारायचीस, "पप्पा, आत काय लिहिलंय?" मी म्हणायचो, "रद्दी आहे."

एकोणीस वर्षं मी ते खिडकीत टांगतोय.

आईला दाखवलं. मला वाटलं आता पुन्हा काहीतरी ऐकावं लागणार. तिने नखाने थोडा कागद आणखी सोलला, वाचायचा प्रयत्न केला, आणि इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं. मग डोळे पुसत राहिली, बराच वेळ.

मी लपून बसणारा माणूस नाही. चूक माझी, तर शुद्धिपत्रही माझंच निघणार. ते तुमच्या दारात वाटणार. जावईबापूंना आधी कल्पना दे.

पप्पा


२० डिसेंबर

टाचणीस,

परवा तुमच्या प्रार्थनागृहाच्या फाटकाशी जे झालं, त्याची तू घरी वेगळी हकिकत ऐकली असशील. म्हणून माझी लेखी देतो.

मी दोनशे शुद्धिपत्रं छापून घेतली होती. हाताने कापली, काटकोनात. मजकूर असा: 'आपल्या पत्रकातील तिसऱ्या पानाचा मजकूर माझ्या एका जुन्या लेखातून घेतला आहे. तो लेख अपुऱ्या पुस्तकावरून लिहिला होता. पाने ९७ ते ११३ माझ्या चुकीने गहाळ झाली होती. त्यांत दुसरी बाजू आहे. वाचकांनी ती पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.' खाली माझं नाव आणि पत्ता.

मी फाटकाबाहेर, सार्वजनिक फुटपाथवर उभा होतो. आवाज चढवला नाही. जावईबापू आले.

"पप्पा, शोभतं का हे?"

"कागदात काय चुकलंय ते दाखवा, उचलून नेतो."

"सगळे बघतायत."

"बघू देत. वाचले तर आणखी बरं."

मग वडीलधारे आले. माणूस शांत आहे, मान्य करतो. मला म्हणाले, "भाऊ, आमचा देव तारखांमध्ये राहत नाही."

मी म्हटलं, "मग तारखेला एवढे घाबरता कशाला?"

दोघं-तिघं हसले. वडीलधाऱ्यांनाही हसू आलं होतं, त्यांनी ते खोकल्यावर नेलं. तू मागे उभी होतीस, मुंगीला कडेवर घेऊन. तिने निळी टोपी घातली होती. तू एक कागद घेतलास, न वाचता चार घड्या घातल्यास आणि कोटाच्या खिशात टाकलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. मुंगीने पाहिलं.

तिथून बसने परत येताना एक गोष्ट ध्यानात आली. शुद्धिपत्र पुरं झालेलं नाही.

गेल्या वर्षी, पंचवीस तारखेला, मुंगी खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "तारा." जावईबापूंनी तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पहिल्या पत्रात लिहिलं, की तुम्ही जेवण टाकून निघून गेलात. तुम्ही नुसते निघून गेला नाहीत. मी म्हणालो, "ज्यांना माझा तारा चालत नाही त्यांनी माझ्या घरात पाय ठेवू नये." तू उठलीस ती त्यानंतर. आई साक्षीला आहे.

ते वाक्य परत घेतो. बाकी एकही परत घेत नाही. मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवणं तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे.

पंचवीसला दुपारी टेबल मांडलेलं असेल. तुम्ही त्याला नाताळ म्हणू नका, गुरुवार म्हणा.

पप्पा


२६ डिसेंबर

टाचणीस,

आला नाहीत.

पाच ताटं मांडली होती. तीन तशीच उचलली. आईने मुंगीसाठी छोटा चमचा काढून ठेवला होता, तो तिने पुन्हा डब्यात टाकला नाही, खिडकीत ठेवला आहे. 

तारा लावला. फाटलेल्या टोकाला नवा कागद मुद्दाम लावला नाही. नव्याण्णवावं पान उघडंच ठेवलं. तावावर पानं उलटसुलट असतात, त्यामुळे ते डोकं खाली करून टांगलं गेलं आहे. शेजारच्या निवृत्त नर्सबाई मान वाकडी करून वाचत होत्या. म्हणाल्या, "नवीन फॅशन का?" म्हटलं, "हो, दोन्ही बाजू दिसणारा."

हे पत्र मनधरणीचं नाही. मला फक्त एक मुद्दा मांडायचा आहे, आणि तो तुमच्या वडीलधाऱ्यांनाही खोडता येणार नाही.

माझा वाढदिवस दहा जानेवारीला असतो. तो खरा नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या आईला एवढंच आठवायचं, की थंडी होती आणि शेजारीण घरी नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, तारीख? आईने तीच थंडी सांगितली. त्या वर्षी ती नवी शाळा दहा जानेवारीला उघडली होती. गुरुजींनी तीच लिहिली. माझ्या वर्गात अकरा जणांचा जन्म दहा जानेवारीला झाला आहे.

मी इतका चिकित्सक माणूस. दुसऱ्याच्या तारखा तपासत आयुष्य काढलं. पण पाच वर्षांची होतीस तेव्हापासून लग्नापर्यंत दर दहा जानेवारीला तू मला पुठ्ठ्याचं कार्ड करून देत होतीस, आणि एकदाही मी म्हणालो नाही, की ही तारीख सिद्ध झालेली नाही, कार्ड परत ने. सगळी कार्डं माझ्याकडे आहेत. बांधून ठेवली आहेत, कापडी पाठ लावून. चौदाच्या चौदा आहेत. मोजली.

तेव्हा दहा जानेवारीला या. त्या दिवशी कोणीच जन्मलेलं नाही. सूर्य नाही, प्रभू नाही, मीसुद्धा नाही. कोणाच्या श्रद्धेला धक्का लागायला जागाच नाही. शनिवार आहे, जावईबापूंच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला सुट्टी असते.

तारा मात्र तोवर उतरवणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर फसवलं म्हणू नका.

पप्पा


११ जानेवारी

टाचणीस,

काल मुंगीची निळी टोपी आमच्याकडे राहिली. आई ती पोस्टाने पाठवू देत नाही. "येतील न्यायला," म्हणते.

तू दारातच खिशातून चार घड्यांचा कागद काढलास, तेव्हा वाटलं आता परत करतेस. म्हणालीस, "पप्पा, तुमच्या शुद्धिपत्रात चूक आहे. सत्त्याण्णव ते एकशे तेरा म्हणजे सतरा पानं झाली. फर्मा सोळाचा असतो ना?" वर्षभरानंतरचं तुझं पहिलं वाक्य! मी दोनशे कागद काटकोनात कापले आणि आकडा चुकवला. आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होती, ते मला ऐकू येत होतं. टाचणी हे नाव तुला मीच ठेवलं, मी कोणाकडे तक्रार करू?

एकशे ऐंशी कागद शिल्लक आहेत. आज सकाळपासून आकडा दुरुस्त करतोय, तेराचा बारा. वाटलेल्या विसांपैकी तू आठ तरी परत मिळव.

पुढच्या पंचवीसला येणार नाही म्हणालीस. ऐकलं. तुमच्या पत्रकाबद्दल माझं मत बदललेलं नाही, तुझंही माझ्याबद्दल बदललेलं दिसत नाही. पण दहा जानेवारी इथून पुढे कायम. गुरुजींनी ठरवून दिलेली आहे, ती मोडायची नाही.

एक गोष्ट तू पाहिली नाहीस, कारण तू आत आईजवळ होतीस. जावईबापू खिडकीकडे पाठ करून बसले होते, अगदी ताठ. मुंगी ताऱ्याखाली जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, आत काय लिहिलंय?" मी जावईबापूंकडे पाहिलं. त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले होते. मग मी तिला उचललं, उलटी धरली, पान सरळ दिसावं म्हणून, आणि एक ओळ वाचून दाखवली. तिला एक अक्षर कळलं नाही. पुन्हा उलटं धरा म्हणाली. सहा वेळा धरली. माझी कंबर आज बोलते आहे.

आणि मग दिवा लुकलुकला. जावईबापूंनी मान वळवली. म्हणाले, "पप्पा, ही वायर कोणी जोडली? घर जाळाल एखाद दिवस." उठले, खिशातून पकड काढली, स्टुलावर चढले आणि दोन मिनिटांत जोड नीट करून खाली उतरले. दिवा आता स्थिर आहे.

मी एक शब्दही बोललो नाही. याची तू कुठेतरी नोंद कर.

पप्पा